नवी वर्धा योजना

प्राथमिक शिक्षणाची योजना सांगण्याचा हक्क वर्धा जिल्ह्याला आहे आणि तो जुना आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पोरांना सात वर्षं मातृभाषेतून, हाताच्या उद्योगातून शिकवा, आणि त्यांनी केलेल्या मालातून मास्तरांचा पगारही निघू द्या, असा विचार मांडला गेला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी विरोध केला. झाकिर हुसेन यांनी शंका काढल्या, तर गांधीजींनी त्यांच्याच गळ्यात योजना आखणाऱ्या समितीचं अध्यक्षपद घातलं. शंका काढणाऱ्याला कामाला लावण्याची ही पद्धत आजही चालू आहे. फरक इतकाच की आता त्याला निवडणुकीच्या कामाला लावतात.

झाकिर हुसेन समितीनं २ डिसेंबरला अहवाल दिला. म्हणजे सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत. ना माहिती भरायची लिंक, ना मुदतवाढ, ना ‘निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा’ अशी तळटीप. तरीही अहवालात वेळापत्रकाचा मिनिटा-मिनिटाचा हिशेब होता. शाळा साडेपाच तास. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे त्या हाताच्या उद्योगाला. ४० मिनिटं मातृभाषा, ४० मिनिटांत संगीत, चित्रकला आणि गणित, ३० मिनिटं समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान, १० मिनिटं कवायत आणि १० मिनिटं सुट्टी.

पुढे सूत कातायची टकळी मागे पडली, चरखा कपाटावर गेला आणि मूलोद्योगाची ती ३ तास २० मिनिटं बेवारस झाली. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं सुटला नव्हता. तो आता सुटला आहे. कुठल्याही गावच्या द्विशिक्षकी शाळेत जा. तिथं नवा मूलोद्योग जोरात चालू आहे. त्याचं नाव फोटो.

हा उद्योग किती मुरला आहे ते बघायचं तर १५ ऑक्टोबरला शाळेत जावं. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो आणि जागतिक हात धुवा दिनही असतो. दोन्ही उपक्रम, दोन्हींचे फोटो, दोन्हींची माहिती दुपारी बाराच्या आत. पहिली ते चौथीची पोरं टाकीजवळ ओळीनं उभी राहतात. साबणाची एकच वडी हातोहात फिरते, पण ज्याच्या हातात ती असते नेमका तोच फोटोत डोळे मिटतो. मग पुन्हा. सरांच्या मोबाइलवर जिओ टॅग येत नाही, मग पुन्हा. तळहात कॅमेऱ्याकडे, फेस दिसला पाहिजे, हसा! फोटो झाला की लगेच त्याच ओल्या हातांत पुस्तकं दिली जातात, कारण पावणेबारा झालेले असतात. दुसरीतल्या एकाचं पुस्तक उलटं असतं. ते तसंच अपलोड होतं. वर कोणी उघडून बघत नाही, ही सरांची श्रद्धा अनुभवातून आलेली असते. एवढ्यात खिचडीची घंटा होते आणि पहिलीतलं एक पोरगं सरांचा शर्ट ओढून विचारतं, “सर, आता खरंच हात धुवू काय?”

त्या पोराला मूलोद्योग आणि फावला वेळ यांतला फरक अजून कळलेला नाही. चौथीपर्यंत कळेल.

शिक्षण असं आनंददायी करायचं म्हणून राज्यानं २०२४ मध्ये पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ दिला. आनंद शनिवारचा ठरला, हे बरं झालं. नाहीतर एखादं पोरगं मंगळवारी हसायचं आणि मास्तरांना खुलासा द्यावा लागायचा. त्याआधी, २०२२ मध्ये, शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो वर्गात लावण्याचा आदेश निघाला होता. उपक्रमाचं नाव ‘आपले गुरुजी’. ही त्या काळाची दूरदृष्टी. गुरुजी स्वतः तालुक्याला प्रशिक्षणात, पंचायत समितीत टपाल द्यायला किंवा मतदारयादी घेऊन वस्तीत असले तरी भिंतीवर हजर राहतात. पोरंही समजूतदार. भिंतीवरच्या गुरुजींसमोर ती मारामारी करत नाहीत, जरा बाजूला होऊन करतात.

तेव्हा आता लपवाछपवी पुरे. फोटोला मूलोद्योगाचा रीतसर दर्जा द्यावा, अशी आमची सूचना आहे. ती वर्ध्यातूनच जावी म्हणजे परंपराही राखली जाईल. गांधीजींच्या त्या योजनेचं, म्हणजे नई तालीमचा, गाभा होता समवाय. टकळीवर सूत काततानाच तारा मोजून गणित शिकायचं, कापूस कोणत्या मातीत येतो तो भूगोल, तो गिरणीत कसा गेला आणि कोण श्रीमंत झाला तो इतिहास. विषय वेगळा शिकवायचा नाही, कामातून निघाला पाहिजे. फोटोतून तो आणखी सहज निघतो.

गणित घ्या. पट अठ्ठावीस, हजर एकोणीस, कारण कापूस वेचणी चालू आहे. पण फोटोत वर्ग भरलेला दिसला पाहिजे. तर एकोणीस मुलं किती अंतरावर बसवावीत? क्षेत्रफळाचं इतकं जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. भूगोल घ्या. रेंज शाळेच्या कोणत्या दिशेला येते? बहुतेक गावांत पाण्याच्या टाकीकडे किंवा मारुतीच्या पारावर. पोरांना चारही दिशा पाठ होतात. नागरिकशास्त्र तर फोटोतच दिसतं. वृक्षारोपणात रोप एक आणि त्याला हात लावणारे नऊ. मधे सरपंच, शेजारी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, मग केंद्रप्रमुख, आणि ज्यानं खड्डा खणला ते पोरगं फ्रेमच्या बाहेर घमेलं धरून उभं. लोकशाहीची रचना यापेक्षा सोपी करून कोण सांगणार? विज्ञानात परसबाग आहेच. पालक कधी पेरावा? पाहणीच्या तारखेपासून मागे मोजून. मेथीला किती दिवस लागतात हे शेतकऱ्याच्या पोराला आधीच ठाऊक असतं. पाहणी किती दिवस पुढे ढकलली जाते हे नवं ज्ञान त्याला शाळेत मिळतं.

राहिला स्वावलंबनाचा मुद्दा. १९३७ च्या योजनेवर सगळ्यात जास्त टीका झाली ती यावरच. पोरांच्या कष्टातून शाळेचा खर्च काढायचा म्हणजे शाळेचा कारखाना करायचा, असं लोक म्हणाले. नव्या योजनेत ही अडचण मुळात येतच नाही. मोबाइल सरांचा, रिचार्ज सरांचा, रंगीत प्रिंट सरांची, फ्लेक्सचे पैसे सरांचे. योजना पहिल्या दिवसापासून स्वावलंबी आहे. बापूंना जे जमलं नाही ते जिल्ह्यातल्या मास्तरांनी महिन्याच्या पगारात जमवून दाखवलं.

आता कोणी म्हणेल, सेवाग्रामला नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा २००५ पासून चालू आहे. तिथं पोरं वाफे करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात आणि त्यातूनच शिकतात, ते का नाही करत? म्हणणं रास्त आहे. पण तसं करायला मास्तर दिवसभर पोरांजवळ लागतो आणि शिकण्याला लागेल तेवढा वेळ लागू द्यावा लागतो. या दोन गोष्टींसाठी पोर्टलवर रकानाच नाही.

तरीही खबरदारी घ्यायला हवी. फोटो संपल्यावर शाळांतून चुकून शिक्षण घडतं, असे प्रकार कानावर येतात. एका गावच्या बाल आनंद मेळाव्याचंच सांगतो. पटांगणात दुकानं मांडली होती. कोणाची बोरं, कोणाची भजी, कोणाचे उकडलेले शेंगदाणे. तिसरीतल्या एका पोरीनं आईकडून पोहे करून आणले होते, वर तर्री, प्लेट वीस रुपये. पाहुणे आले, फीत कापली, फोटो झाले. एका साहेबांनी तिच्याकडचे पोहे खाल्ले, पाठीवर थाप मारली, “व्वा, खरी उद्योजिका!” म्हणाले आणि गाडीत बसले. मोबाइल खिशात गेले, मास्तर खुर्च्या उचलायला लागले. पोरगी तिथंच सतरंजीवर बसून हिशेब करत होती. पोहे अर्धा किलो, तेल, कांदे, चणे, तिखट. आईची मजुरी धरायची की नाही यावर शेजारच्या भजीवाल्याशी तिचं भांडणही झालं. त्यानं धरली नव्हती, म्हणून त्याचा नफा जास्त दिसत होता. तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा वीस रुपये कमी. मग तिच्या लक्षात आलं. मॅडमकडे जाऊन ती म्हणाली, “साहेबानं पैसे नाई देल्ले.” मॅडम म्हणाल्या, जाऊ दे बाळा, पाहुणे आहेत. पोरीनं जाऊ दिलं नाही. वहीत खाली एक ओळ वाढवली: साहेब, एक प्लेट, २० रुपये, बाकी.

खर्च, नफा, मजुरी, उधारी आणि साहेब, सगळं एका पानात. मूल्यमापनाच्या कुठल्याही नोंदवहीत इतकं बसत नाही. या पानाची माहिती अजून कोणत्याही लिंकवर मागवलेली नाही, त्यामुळे ते पान खरं आहे.