वाटेत म्हशी लागतात

मुंबईत सायकल चालवण्यासारखं काही आहे का हो, असं पुण्याची माणसं विचारतात, तेव्हा त्यांच्या आवाजात सांत्वनाचा सूर असतो. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं आणि त्या पुण्याईवर ते अजून बोलतात. आपण त्यांना नम्रपणे सांगावं, आहे. बोरिवली-गोरेगाव एका अंगाला, मुलुंड-भांडुप दुसऱ्या अंगाला आणि डोक्याशी ठाणं, अशा गर्दीच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त जंगल आहे. त्यात शिरणारे डांबरी रस्ते मोजके. त्यांतला एकही सायकलवाल्यांसाठी केलेला नाही. एक लेण्यांकडे जातो, एक म्हशींकडे आणि एक विमानदलाकडे. तिन्हीकडे आम्ही आगंतुक.

खरं तर जंगलही आमच्यासाठी, किंवा कुणाच्या फिरण्यासाठी, राखलेलं नव्हतं. ते राहिलं पाण्यामुळे. विहार तलाव 1860 साली झाला, तुळशी 1879 साली, आणि मुंबईच्या नळाला जाणारं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर बांधकामापासून वाचले. आज बिबट्या ज्या सुखानं फिरतो, त्याचं श्रेय जुन्या काळच्या पाणी खात्याला आहे. हे बिबट्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तिन्ही रस्त्यांत माझा जीव आरेच्या रस्त्यावर. त्याचं कागदोपत्री नाव दिनकरराव देसाई मार्ग. ते नाव विचारत गेलात तर तिथला रहिवासीही तुम्हाला दुसरीकडे पाठवेल. 1949 साली शहरातले गोठे बाहेर काढायचे ठरलं आणि गोरेगावच्या डोंगरउतारावर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दूध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेमागचे गृहस्थ. 1963 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या बरोबरीनं. कुरियन सगळ्यांना पाठ आहेत, खुरोडी आरेतसुद्धा कुणाला आठवत नाहीत. पण या माणसाच्या काळात म्हशींना तीन हजारांहून अधिक एकर जागा मिळाली. गोरेगावात आज एवढी जागा मागायला भल्याभल्या बिल्डरची जीभ रेटणार नाही.

आरेत अजून पत्ता सांगतात तो युनिटच्या आकड्यानं. युनिट म्हणजे तबेल्यांचा समूह. आमच्यातल्या एकाचं टायर पंक्चर झालं की तो फोनवर घरी सांगतो, ‘युनिट सातपाशी उभा आहे,’ आणि बायकोला कळेनासं होतं की हा सायकलवरून गेला की धारा काढायला. सकाळच्या वेळी या युनिटांमधून जो वास येतो त्याला नावं ठेवणारे लोक गाडीच्या काचा वर करून जातात. सायकलवाल्याला काच नसते. चढावर तोंड उघडं ठेवून श्वास घ्यावा लागत असल्यानं तो वास निव्वळ नाकाचा विषय राहत नाही. पहिले काही रविवार हे जाणवतं, मग सवय होते, आणि पुढे कधीतरी पेट्रोलच्या धुरात हायवेवर आलो की आपण शेणाच्या बाजूचे आहोत हे कळून चुकतं.

म्हशींचा तांडा रस्ता ओलांडत असला की घंटी वाजवून उपयोग नसतो. म्हैस घंटी ऐकते, मान वळवून तुमच्याकडे बघते. हेल्मेट, काळा चष्मा, अंगाला चिकटलेले भडक कपडे, हे सगळं ती सावकाश न्याहाळते. तिचं तुमच्याबद्दल काहीतरी मत होतं, पण ते ती चेहऱ्यावर दिसू देत नाही. मग पाय खाली टेकून उभं राहायचं. ज्यांनी सरावाचं ॲप लावलेलं असतं ते हताशपणे मनगटाकडे बघतात. सरासरी वेग घसरत असतो. मला ही थांबायची सक्ती बरी वाटते. थांबल्याशिवाय वर बघणं होत नाही, आणि आरेत बघण्यासारखं बरंच काही वरच आहे. रस्त्यावर कमान धरलेले पर्जन्यवृक्ष, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, त्याआधी पानं गाळून नुसत्या लाल फुलांनी उभी असलेली सावर.

थांबलं की दुसरीही एक गंमत घडते. मागून दूधवाला येतो. काळी, जड, सरळ दांडीची सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या, पायांत स्लिपर, गिअर एकही नाही. म्हशींच्या मधून तो कसा निघतो ते त्याला आणि म्हशींनाच ठाऊक. आपण पुढे चढावर सगळे गिअर खर्चून, मान खाली घालून दमत असतो आणि तो उभ्यानं पॅडल मारत शेजारून जातो. जाता जाता कानाला लावलेल्या फोनवर कुणाला तरी सांगतो, ‘आलोच.’ लाखभराची कार्बनची सायकल आणि दूधवाल्याची सायकल यांतला फरक सपाटीवर आणि दुकानात फार मोठा असतो. चढ किंमत विचारत नाही.

किंमत विचारणारे दुसरे. या जंगलाच्या, म्हणजे नॅशनल पार्कच्या, दाराशी सकाळी फिरायला येणारे आजोबा सायकल दिसली की थांबतातच.

‘गिअरची का?’

‘हो, काका.’

‘केवढ्याला पडली?’

इथं प्रत्येक सायकलवाल्याची परीक्षा असते. सायकलीच्या किमती तीन असतात. घरी सांगितलेली सगळ्यांत कमी, मित्रांत सांगितलेली जरा फुगवलेली, आणि बिलावरची, जी बिलासकट नाहीशी होते. आजोबांना घरची किंमत सांगायची, कारण आजोबा आपल्याच सोसायटीतले निघू शकतात. त्या कमी आकड्यालाही ते मान हलवतात आणि म्हणतात, ‘एवढ्यात स्कूटर आली असती.’ यावर उत्तर नाही. आली असती.

पार्कच्या आतला कान्हेरीचा रस्ता मुख्य दारापासून सहा-सात किलोमीटर. आरंभी दहिसर नदीच्या संगतीनं रमत जातो आणि शेवटी लेण्यांकडे वळताना एकदम स्वभाव बदलतो. तिथं बोलणारे गप्प होतात. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी हीच जागा का निवडली असेल, हे त्या चढावर पटकन समजतं: सहज कुणी येऊ नये म्हणून. पण येणारे आले. व्यापारी आले, गृहस्थ आले, कल्याण-सोपाऱ्याकडून दाते आले. कुणी लेणं दिलं, कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी दिली, आणि देणाऱ्यांची नावं काळ्या कातळात ब्राह्मीत कोरली गेली. शंभराहून जास्त लेणी आहेत. वेळ काढून बघावीत. पाणी साठवायच्या त्या पोढ्या आणि खडकात कोरलेले पन्हाळ बघताना पाणी व्यवस्थापनावरची आपली भाषणं थोडी आवरावीशी वाटतात.

आमच्यातल्या वेगवान मंडळींचंही तिथं नाव लागतं, ॲपवर. कान्हेरीचा चढ सर्वांत कमी वेळात चढणाऱ्याचं नाव यादीत वर येतं. सोनाराचं दान दीड-दोन हजार वर्षं टिकलं. आमच्या मित्राचं नाव शनिवारी सकाळी वर लागलं आणि रविवारी दुपारी भांडुपच्या कुणा पोरानं खाली ढकललं. तेव्हापासून मित्र लेण्यांविषयी फारसं चांगलं बोलत नाही.

वर पोहोचल्यावर आदिवासी बायका काकडी, आवळे, चिंचा घेऊन बसलेल्या असतात. काकडी घ्यावी, मीठ-तिखट लावून घ्यावी आणि ताबडतोब खावी. बोलत बसलात तर माकड घेऊन जातं. ते किंमत विचारत नाही, देतही नाही.

ठाण्याकडून येऊरचा चढ आहे. उपवन तलावाच्या वरून वनखात्याच्या नाक्यातून आत शिरायचं आणि वळणं मोजत वर जायचं. वर एअर फोर्सचं ठाणं, आदिवासी पाडे आणि शहरातून मजा करायला येणाऱ्यांचे बंगले. झाडी सुरेख. पण शनिवारी रात्रीच्या पार्ट्यांच्या बाटल्या रविवारी पहाटे रस्त्याच्या कडेला फुटलेल्या असतात, आणि काच टायरमध्ये शिरली की निसर्गावरचं प्रेम तेवढ्यापुरतं स्थगित होतं. येऊरबद्दल मी यापेक्षा जास्त बोलत नाही; ठाणेकर रागावतात.

बिबट्याबद्दल मात्र सगळे विचारतात. भीती वाटत नाही का? वाटते, कुत्र्यांची. उपनगरातल्या कुत्र्याला फिरतं चाक दिसलं की त्याच्या आत काहीतरी जागं होतं, आणि पोटरीचं अंतर त्याला नेमकं माहीत असतं. बिबट्याला सायकलवाल्यात रस नाही; त्याला कुत्र्यात आहे. म्हणजे हिशेब केला तर बिबट्या आपल्या बाजूचा ठरतो. आरेच्या आणि पार्कमधल्या पाड्यांवर वारली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत आली आहेत. शेजारी बदलता येत नसेल तर त्याला देव करून घ्यावा, हे शहाणपण आमच्या सोसायटीच्या सभेत अजून पोहोचलेलं नाही. तरीही अंधार असताना एकट्यानं, आवाज न करता, मान खाली घालून या रस्त्यांवर जाऊ नये. जंगलात वाकलेलं काहीही शिकारीसारखं दिसतं आणि चढावर आपण फार वाकतो.

ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली गेली, त्यातली बरीचशी एका रात्रीत. आज आरेपासून भुयारी मेट्रो सुटते आणि ती सोयीची आहे. मीही तिच्यानं जातो. सोय झाली म्हणून ती रात्र बरोबर होती असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तेवढ्यासाठी मला कुणी विकासविरोधी म्हटलं तर म्हणो. रविवारी त्या बाजूनं जाताना आमचा गट बोलायचं थांबतो. चढ नसताना.

तेव्हा पुण्याच्या मित्रांनो, या. सायकल लोकलमधून आणायची भानगड नको. पार्कच्या दाराशी भाड्यानं मिळते. गिअर असतीलच असं नाही, पण दूधवाल्याकडेही नसतात. पावसाळ्यात येणार असाल तर शेवाळलेल्या उतारावर ब्रेक जपून मारा. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, तिची वाट बघत बसू नका. साग, पळस आणि कुसुंब दर वर्षी आपापलं काम करतात. म्हशी दिसल्या की उतरा. आणि सोमवारी येऊ नका, नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं.