काल एका किकला झाली होती

"काल एका किकला झाली होती."

पुण्यात डिसेंबर उजाडला की हे वाक्य सकाळी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान पार्किंगमधून ऐकू येऊ लागतं. बोलणारा गृहस्थ पंचेचाळिशी उलटलेला. डोक्याला कानटोपी, एक पाय जमिनीवर, दुसरा किकवर. पुढ्यात लोखंडी इंजिनाची १९८७ सालची बुलेट. ती काल एका किकला झाली होती म्हणे. आज अकराव्या किकलाही नुसती खोकते आहे. कालच्या त्या किकला साक्षीदार मात्र कुणी नसतो. गेल्या कित्येक हिवाळ्यांत सोसायटीतल्या एकाही माणसानं तो 'काल' पाहिलेला नाही.

पोरांनी त्यांचं आडनाव केव्हाच बदललं. एकबोटे असतात, तसे हे एककिके. आता कुरिअरवालासुद्धा फ्लॅट नंबर विचारत नाही. "एककिके काकांचं पार्सल," म्हणतो आणि थेट तिसरा मजला गाठतो.

वॉचमनचा हिशेब वेगळाच. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदवहीत शेवटच्या पानावर त्यानं तारखा टाकल्यात आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा. ९. १४. ११. एका तारखेपुढे '२३ + धक्का' असं आहे.

एककिकेंची किक म्हणजे सोवळ्यातली पूजा. क्रम चुकवायचा नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक ओढायचा, मग किल्ली. मग किक हातानं गोंजारल्यासारखी हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्याकडे बघायचं. पॉइंट चिकटले की काटा वजाकडे झुकतो, सुटले की मध्यावर येतो. तो मध्यावर आला की डाव्या हातानं डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, किक इंचभर पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून खाली. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. सत्तर मिलिमीटरचा बोअर आणि नव्वदचा स्ट्रोक असलेल्या ३४६ सीसीच्या इंजिनाला असंच समजवावं लागतं. नाही समजवलं तर ते किक उलटी मारतं आणि माणूस पंधरा दिवस लंगडतो. किक खाली जाता जाता काकांचं उजवं मनगट रेस पिळतं, तेवढीच पूजेची घंटा. मग शांतता. मग एक 'फुस्स'.

"काल..." काका सुरुवात करतात.

"अहो, रिक्षा बोलावू का?" वरून काकूंचा आवाज येतो. काकूंची स्कूटर विजेवरची. ती कधी सुरू झाली आणि कधी फाटकाबाहेर गेली, हे कुणाला कळतही नाही. काकांच्या मते तिला गाडी म्हणणं म्हणजे मिक्सरला पाटा-वरवंटा म्हणणं.

कारणं वारानुसार ठरलेली. सोमवारी दोष प्लगचा. प्लग काढायचा, त्यावरची काजळी पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारायची आणि जमलेल्यांना शिकवायचं: "ओला निघाला तर पेट्रोल येतंय, ठिणगी कमजोर आहे. कोरडा निघाला तर ठिणगी बघूच नका, पेट्रोलच अडलंय. कॉक, नाहीतर पायलट जेट." पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. गाडी दोन महिने उभी राहिली की पेट्रोलचा डिंक होतो आणि तेच आधी बुजतं. हे सगळं खरंच आहे. एककिकेंची पंचाईत अशी की त्यांचं बोलणं कधीच खोटं नसतं, फक्त गाडी सुरू होत नसते.

मंगळवारी पॉइंटची पाळी. दोन पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. त्यासाठी फिलर गेज मिळतं, पण काकांच्या टूलकिटमध्ये आहे एक लग्नपत्रिका. भाचीच्या लग्नाची. तिचा पुठ्ठा नेमका त्या जाडीचा निघाला, आणि पॉइंटमधून फिरवला की काजळीही पुसून येते. भाचीला आता दोन मुलं आहेत. पत्रिकेवरच्या गणपतीचं तोंड ग्रीसनं काळं झालंय. त्यानंतर घरात आलेली प्रत्येक पत्रिका काका आधी बोटांत धरून वाकवून बघतात. "कागद हलका लावलाय," एका व्याह्यांना ते तोंडावर म्हणाले. व्याह्यांनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला.

बुधवारी इथेनॉल. हा विषय निघाला की ऑफिसला उशीर ठरलेलाच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या गाड्यांच्या रबरी वॉशरना मानवत नाही, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणजे थंडीत आणखी अडचण. "उसाचं पेट्रोल घालतात आणि वर विचारतात सुरू का होत नाही!" काका असं काही म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखान्याच्या चेअरमननं रात्री येऊन यांच्याच टाकीत मळी ओतली.

उरलेले वार सल्लागारांचे. जुना चेतकवाला येता-जाता "आडवी करून बघा" म्हणतोच. त्याच्या आयुष्यात आडवं केल्यानं सगळं सुरू झालेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, "रात्री पांघरूण घालत जा रे तिच्यावर." सल्ल्यांत सगळ्यात कामाचा हाच, कारण कडाक्याच्या दिवसांत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो. लोखंडी इंजिन गारठतं, ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि पेट्रोलची वाफ होता होत नाही. पण काका आजींचं ऐकत नाहीत. आजींना फायरिंग ऑर्डर माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका सिलिंडरच्या गाडीत फायरिंग ऑर्डर कसली, हे विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा नोटीस काढली: सकाळी पार्किंगमध्ये वाहने 'अनावश्यक' सुरू करू नयेत. काकांनी खाली लिहिलं, "सुरू झाल्यास कळवीन." सह्या करताना दोन सभासदांना हसू आवरेना. नोटीस मागे घेतली गेली.

इतिहासावर त्यांना कधी बोलतं करू नये. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी कशी सुरू झाली, त्याआधी लष्करानं ८०० गाड्या कशा मागवल्या, पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली तरी मद्रासची कशी धडधडत राहिली, हे ते किकांच्या मधल्या विश्रांतीत सांगतात. दर किकला साधारण दहा वर्षं पुढे सरकतात. सातव्या किकपर्यंत इतिहास संपतो आणि भविष्याची चिंता सुरू होते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, नव्या बुलेटलाही इंजेक्शन लागलं, बटण दाबलं की झालं. "त्यात माणूस कुठे आहे?" काका विचारतात. माणूस तेव्हा ऑफिसात पोचलेला असतो.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी चौथ्या मजल्यावरची मुलगी खाली आली. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. इंजिनावरचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटलेली, पण प्लगची ठिणगी डोळ्यांनी कधी न पाहिलेली. काकांना आयुष्यात पहिल्यांदाच श्रोता मिळाला आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी प्लग काढला, टोपीत बसवला, इंजिनाच्या धातूला टेकवला आणि जिन्याखालच्या अंधाराकडे तोंड करून किक मारली. निळी ठिणगी चटकन उमटली. "अय्या!" ती म्हणाली. त्या 'अय्या'वर काकांनी पुढची वीस मिनिटं तिला कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असं सगळं उघडून दाखवलं, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला, आणि तिच्याकडून एक स्क्रू खाली पडला तेव्हा रागावलेसुद्धा नाहीत. गुडघे टेकून शोधत बसले. त्या दिवशी ते बरे दिसले, असं सेक्रेटरीही नंतर म्हणाले.

प्लग परत बसला. तेवढ्यात वरून काकूंनी गॅस सिलिंडरवाला आल्याचं सांगितलं. "तू मार एक. मी आलोच," असं म्हणून काका जिना चढले.

मुलीनं काटा मध्यावर आणला, डाव्या हातानं खटका दाबला, सोडला. गाडी मधल्या स्टँडवर होती, तरी दीडशे किलोहून जास्त वजनाचं ते धूड अंगावर येईल या भीतीनं उजव्या हातानं तिनं टाकी घट्ट धरली होती. किक मारली.

धप्. धप्. धप्. धप्.

वॉचमन खुर्चीवरून उठला.

कारण साधं आहे, आणि मुलीनं ते संध्याकाळी पुस्तकात शोधून काढलं. या कार्बोरेटरात चोक ओढला की जास्तीचं पेट्रोल एका बारीक वाटेनं इंजिनात जातं. ते ओढून घ्यायला इंजिनाची ओढ लागते, आणि ती ओढ रेस पूर्ण बंद असली तरच टिकते. थंड इंजिनाला किक मारताना रेस दिली की हवा आत घुसते, ओढ पडते आणि पेट्रोल जिथल्या तिथे राहतं. दोष प्लगचा नव्हता, पॉइंटचा नव्हता, उसाचा तर नव्हताच. इतक्या हिवाळ्यांत काकांनी गाडीचा प्रत्येक भाग उघडून पाहिला होता, स्वतःचं उजवं मनगट सोडून.

काका जिन्यातच थांबले होते. खाली आले, गाडीकडे बघत राहिले. मुलगी सांगत होती की तिनं काहीच केलं नाही, हात तर टाकीवर होता.

"अप्पांचाही टाकीवरच असायचा," काका म्हणाले.

कुणी काही विचारलं नाही, पण ते बोलले. १९८७ मध्ये अप्पांनी गाडी घेतली तेव्हा हे सात वर्षांचे. शाळेत सोडायला नेताना अप्पा त्यांना पुढे टाकीवर बसवायचे आणि किक मारताना पोर पडू नये म्हणून उजव्या हातानं त्याच्या पोटाला धरायचे. रेसला हातच मोकळा नसायचा. "एका किकला व्हायची," काका म्हणाले. या वेळी कुणीही हसलं नाही.

सोमवारी सकाळी पावणेसातला पार्किंगमध्ये वॉचमनशिवाय चिटपाखरू नव्हतं. काका आले, कॉक, चोक, किल्ली, काटा. उजवा हात सवयीनं मुठीकडे गेला. त्यांनी तो उचलून टाकीवर ठेवला. गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली, आणि ऑफिसात पोचल्यावर पहिल्या चहाला त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आज एका किकला झाली.

वॉचमनच्या वहीत त्या तारखेपुढे २ लिहिलंय.