आमचीही स्कायलाइन

विमानातून काढलेले दुबई, शांघाय आणि वरळीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून 'कोण सरस?' असा वाद घालणाऱ्यांना चंद्रपूर कधी आठवत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे. आमच्याकडे काय कमी आहे? ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आहेत, बारीक कमरेचे कूलिंग टॉवर आहेत आणि वर कायमचा धूर आहे. त्यामुळे फोटोला वेगळा फिल्टर लावावा लागत नाही. हे केंद्र २९२० मेगावॉटचं. हिंजवडीच्या काचेच्या इमारती रात्री झगमगतात, त्या विजेत आमचाही वाटा आहे. फोटोखाली श्रेय मात्र कोणी देत नाही.

उंचीत हरलो म्हणाल, तर आम्ही मजले खाली बांधतो. कोळशाच्या उघड्या खाणी वरून पाहा. पायरीखाली पायरी, आणि तळाशी काडेपेटीएवढे दिसणारे डंपर. काढलेल्या मातीचे ढिगारे एवढे, की नवख्याला डोंगररांगच वाटावी. गोंड राजांचा परकोटही वरून छान दिसतो. त्याच्या जटपुरा गेटात अडकलेल्या माणसाला मात्र तो दिसत नाही. शिवाय वीज केंद्राच्या आवारात वाघ फिरतात. दाखवा मॅनहॅटनमध्ये!

१९८२ साली आमच्यातून वेगळी झालेली गडचिरोली अजून मागासच. वरून बघावं तर नुसतं हिरवं. फोटोग्राफरने नजर ठेवायची कशावर? पण आता सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा लालभडक पट्टा उघडलाय. हिरव्यावर लाल, फोटोत उठून दिसतो म्हणे.