मुक्त शिक्षणाचा जाबता

शाळा नामक संस्थेत बालकाच्या प्रतिभेचा कोंडमारा होतो, अशी खात्री पटल्यावरून चिरंजिवांचे नाव पटावरून कमी करून घेणारे सुविद्य पालक, त्याच चिरंजिवांचे चौदावे वर्ष सरताच, ज्या तत्परतेने परीक्षामंडळांच्या नियमावल्या धुंडाळू लागतात, ती पाहून कोणीही स्तिमित व्हावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तर औदार्याची मूर्तीच: दहावीसाठी पाच विषय पुरेत, गणिताची सक्ती नाही, चित्रकला चालते, मानसशास्त्र चालते, आणि उत्तीर्ण होण्यास पाच वर्षांची मुदत व त्या मुदतीत नऊ संधी.

परंतु सरकारने बहाल केलेली एवढी मोकळीक स्वातंत्र्यवादी पालकांच्या पचनी पडत नाही. रविवारी जेवणाच्या मेजावर आखीव कागद पसरतो. एका रकान्यात मुक्त विद्यालय, दुसऱ्यात केंब्रिजचे परीक्षामंडळ, तिसऱ्यात दोहोंच्या शुल्काची तांबड्या शाईने केलेली वजाबाकी. घरात प्रयोगशाळा नाही, ही अडचण केंब्रिजच्या लेखी 'पर्यायी' प्रश्नपत्रिकेने परस्पर निकालात निघते, कारण तीत प्रयोग न करताही प्रयोगाविषयी लिहिता येते. चित्रकला 'छंद' म्हणून तहकूब होते. तिच्या जागी गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, न जाणो उद्या अभियांत्रिकीची बुद्धी झाली तर, या दूरदृष्टीने कायम होतात. आणि सकाळी सहापासूनचे वेळापत्रक भिंतीवर चिकटविले जाते.

चिरंजिवांचे मत अद्याप मागविण्यात आलेले नाही. स्वयंप्रेरित अध्ययनाचा तास मुक्रर झाला, की तेही यथावकाश, लेखी स्वरूपात, मागविण्यात येईल.