मुळशीत एट्यूड वाजवताना घ्यावयाची खबरदारी

एट्यूड म्हणजे पानभराचा सरावाचा तुकडा. वाजवायला दोन मिनिटं लागतात. त्याची लय, पट्टी आणि भाव ठरवायला मात्र आख्खा पावसाळा. सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी हात जोडल्यामुळे ज्यांना क्लॅरिनेट घेऊन पौडच्या पुढे यावं लागलं आहे, अशा नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन.

पुस्तक सिरिल रोझ यांच्या 32 एट्यूडांचंच घ्यावं. पॅरिसच्या या मास्तरांनी फेर्लिंग नावाच्या जर्मन गृहस्थाचे ओबोचे पाठ उचलून क्लॅरिनेटच्या बेताला आणले. एक संथ, एक जलद, असा क्रम आहे. जलद पाठांची पानं पहिली काही वर्षं टाचणीने बंद ठेवावीत.

आता लय. पानाच्या डोक्यावर 'आंदान्ते' असेल तर दचकू नये, त्याच्या मुळाशी चालणंच आहे. आपल्याकडेही गाण्याला चाल असते. प्रश्न एवढाच की चाल कोणाची? आंबेमोहराच्या खाचरातून चिखल तुडवणाऱ्याची, की शनिवारी सकाळी ताम्हिणीचा धबधबा गाठायला निघालेल्याची? दुसऱ्याला चालच नसते; तो पौड रस्त्यावर उभा असतो. असले वाद मिटवायला 1815 साली मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. तो 76 वर लावावा आणि चार बारांनंतर बंद करावा, कारण तोवर तो आपल्या पुढे निघून गेलेला असतो. कोणी विचारलंच तर वीज गेली म्हणावं. मेट्रोनोम चावीचा असला तरी म्हणावं.

पट्टीत खरी फसगत आहे. कागदावर पांढरी एक लिहिलेली असते, आपण इमानाने पांढरी एकची बोटं धरतो आणि बाहेर पडते काळी पाच. शेजारी पेटी घेऊन मित्र बसला असेल तर मैत्री तिथंच संपते. यात वाद्याचा दोष नाही. क्लॅरिनेट आखूड असो की लांब, बोटं तीच राहावीत म्हणून कागदाने खोटं बोलावं, असा हा जुना करार आहे. मोझार्टने 1791 साली लिहिलेला कॉन्चेर्तो तर आणखी लांब नळीवर वाजतो. तिथे त्याच बोटांना पांढरी सहा ऐकू येते. आणि कागदावर एकही कोमल-तीव्र खूण नसली म्हणजे पट्टी पांढरी एकचीच, असंही समजू नये. शेवटचा सूर बघावा. तो पांढरी सहावर टेकत असेल आणि त्याआधी पांढरी पाच चढून काळी चार होत असेल, तर आपण बिलावलाच्या अंगणातून कीरवाणीच्या माजघरात शिरलो आहोत.

एवढं कळूनही काळी पाच लागेलच असं नाही. मुळशीच्या गारठ्यात वाद्य उतरतं. रीड बोरूच्या जातीच्या गवताची असते. पावसाळी हवेत ती पापडासारखी वाकडी होते. लाकडी क्लॅरिनेट शहरातच ठेवावी, इथे प्लॅस्टिकची बरी. त्यातून, बासरीत फुंकर वाढवली की सा चा वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटची अंगठ्यामागची चावी दाबली की सा एकदम तार सप्तकातल्या प वर उडी घेतो. ही उडी चुकली की जो आवाज निघतो त्याला धरणाच्या बाजूने टिटवी उत्तर देते. टिटवीशी सूर जुळवू नये. ती दरवेळी वेगळ्या पट्टीत असते.

राहिला भाव. पुस्तकी नियम सोपा: बिलावलाचं वळण असेल तर प्रसन्न, कीरवाणीचं असेल तर उदास. पण नियम वाजवणाऱ्याला लागू असतात, ऐकणाऱ्याला नाहीत. आपल्या कानांनी हे वाद्य ऐकलं ते मास्टर इब्राहिम यांच्या रेकॉर्डवर हिंदी गाणी म्हणताना, गणपतीच्या मिरवणुकीत प्रभात ब्रास बँडमध्ये आणि घोड्यावरच्या नवरदेवापुढे. त्याच्यात दुःख भरणं म्हणजे पेढ्यात मीठ घालण्यासारखं आहे. तरीही मी प्रयत्न केला. ओसरीवर बसून, ऐन आषाढात, सगळ्यात संथ आणि सगळ्यात उदास पाठ काढला. शेवटचा सूर श्वास संपेपर्यंत धरला.

समोरच्या खाचरात प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतलेल्या आजी कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"आषाढात कुणाची वरात काढलीस रं बाबा?"

"वरात नाही आजी, सराव करतोय."

"मंग लावणी येती का?"

सरावाला दाद मिळाल्याची ती पहिलीच वेळ. मी मोहरून विचारलं, "बैठकीची का फडावरची?"

आजींनी भाताच्या रोपांची मूठ वर करून दाखवली. क्लॅरिनेट पेटीत ठेवली आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.