निकाल आधी, तुलना नंतर

उद्देश : दीडेक हजारांचे कॅसिओ एफ-91डब्ल्यू आणि लाखांत दोन आकडी किंमत असलेले पाटेक फिलिप कॅलट्राव्हा 6119 यांची निःपक्षपाती तुलना करणे व तीत कॅलट्राव्हा विजयी झाल्याचे दाखवणे.

साहित्य : दोन घड्याळे, एक मनगट, लांब बाह्यांचा शर्ट, चारचौघे. (कॅलट्राव्हा उपलब्ध नसल्यास छायाचित्र चालेल. बहुतेकांचा प्रयोग छायाचित्रावरच होतो.)

कृती :

1. अचूकतेचा विषय काढू नये. कॅसिओतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि महिन्याला फार तर 30 सेकंद चुकतो. कॅलट्राव्हाचे बॅलन्स व्हील सेकंदाला 8 ठोके देते. पाटेकने 2009 साली स्वतःला घालून घेतलेल्या कडक नियमात दिवसाला 3 सेकंद मागे ते 2 सेकंद पुढे एवढी सूट होती. म्हणजे वाईटात वाईट धरले तर महिन्याला दीड मिनिट. हा हिशेब कोणी मांडलाच, तर ‘आपल्याला कुठे लोकल पकडायचीय?’ असे म्हणून हसावे. हसताना बाही थोडी वर सरकावी.

2. चावीचे कौतुक करावे. पूर्ण चावी दिल्यावर कॅलट्राव्हा 65 तास चालते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चावी देऊन कपाटात ठेवले, तर सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास थांबते. कॅसिओचा सेल सुमारे 7 वर्षे जातो. एवढा काळ जे आपल्याकडे काहीच मागत नाही, त्याच्यावर जीव कसा जडणार, असा प्रश्न येथे विचारावा व उत्तराची वाट पाहू नये.

3. पाण्यापासून दूर राहावे. दोन्ही घड्याळांना 30 मीटरचाच दर्जा आहे आणि तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे. त्या भरवशावर विहिरीत उडी मारायची नसते. हात धुण्यापुरती दोन्ही सारखीच. पण कॅलट्राव्हाचा पट्टा मगरीच्या कातड्याचा. मगर जन्मभर पाण्यात राहिली, तरी तिच्या कातड्याला जूनमधला मुंबईचा घाम सोसत नाही. प्रयोग वातानुकूलित खोलीत करावा.

4. सोयींची यादी करू नये. वार, तारीख, गजर, सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारे स्टॉपवॉच आणि मिणमिणता का होईना, दिवा हे सारे कॅसिओत आहे. कॅलट्राव्हात तीन काटे आहेत आणि ते अंधारात दिसत नाहीत. कार्यालयात दिवे गेलेच, तर शेजारच्या कॅसिओवाल्याला हळूच वेळ विचारावी.

5. इतिहास 1932 पासून, म्हणजे कॅलट्राव्हाच्या जन्मापासून, सुरू करावा आणि 1969 च्या आधी थांबवावा. त्या वर्षी 25 डिसेंबरला सेइकोचे अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आले. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा छोटी मोटार यायची. तीच करामत 20 वर्षांनी र्‍युसुके मोरिआई यांनी आखलेल्या एफ-91डब्ल्यूमधून शाळकरी पोरांच्या हातात पोचली. हे सांगितले, की श्रोते महागाईविषयी नको ते प्रश्न विचारू लागतात.

6. घड्याळ काढून पालथे करावे. मागच्या काचेतून आतले यंत्र दिसते. यंत्रातल्या पट्ट्यांच्या कडा हाताने उतरत्या करून चकाकवलेल्या असतात. जिथे नजर पोचणार नाही, तिथेही कारागीर हात फिरवतो. शिवाय 1839 पासूनचे आपले कुठलेही घड्याळ दुरुस्त करून देऊ, असे कंपनी सांगते. कॅसिओचा सेल संपला तर कोपऱ्यावरचा घड्याळजी बदलून देतो. त्यापुढे काही बिघडले तर ‘नवीनच घ्या’ म्हणतो. या एका पायरीवर लबाडी करावी लागत नाही. तरीही बहुतेक प्रयोगकर्ते ती गाळतात. घड्याळ पालथे करायचे तर मनगटावरून उतरवावे लागते, आणि उतरवलेले घड्याळ आपले आहे हे चारचौघांना कसे कळणार?

दक्षता : प्रयोग चालू असताना मोबाईल खिशात ठेवावा. दोन्ही घड्याळे त्याच्याशी ताडून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

अनुमान : कॅलट्राव्हा श्रेष्ठ आहे. किती, ते मोजू नये.