वरातीमागून घोडं

२००७ साली सुरू झालेल्या एका खेळात मी २०२३ साली दाखल झालो. घाई नको म्हणून सोळा वर्षं थांबलो होतो.

खेळाचं नाव बझरबीटर. बास्केटबॉलचा खेळ आहे, पण त्यात बॉल नाही. पळायचं नाही, उडी मारायची नाही, गुडघ्याला पट्टा बांधायचा नाही. तुम्हाला एक काल्पनिक संघ मिळतो, थोडे काल्पनिक पैसे मिळतात आणि एक छोटंसं काल्पनिक स्टेडियम मिळतं. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांना शिकवायचं, दर आठवड्याला पगार द्यायचे आणि सामन्याआधी डावपेच ठरवून द्यायचे. सामना कॉम्प्युटर खेळतो, आपण तो ओळीओळीनं वाचायचा. संघ डोळ्यांदेखत बुडत असला तरी मध्ये पडता येत नाही. दहावीच्या परीक्षा केंद्राबाहेर तीन तास उभं राहिलेल्या पालकांना हा अनुभव नवा वाटणार नाही. याच जातकुळीचा हॅट्रिक नावाचा फुटबॉलचा खेळ स्वीडनमधून १९९७ पासून चालू आहे. त्यात शिरायला मी अजून घाई करत नाही.

बझरबीटरमधला एक हंगाम १४ आठवड्यांचा असतो. हंगाम संपला की प्रत्येक खेळाडू एका वर्षानं मोठा होतो. म्हणजे मी सोळा वर्षं विचार करत होतो, तेवढ्यात तिथे साठेक वर्षं उलटून गेली. अठराव्या वर्षी संघात आलेली पोरं शिकली, गाजली, थकली, निवृत्त झाली. त्यांच्या जागी दुसरी आली आणि तीही निवृत्त झाली. मी पोचलो तेव्हा नवरदेव मांडवात जाऊन, अक्षता पडून, जेवणं उरकून पाहुणे पान जुळवत बसले होते. मी घोड्याला खरारा करून, झूल घालून, वाजतगाजत निघालो.

लोक याला मूर्खपणा म्हणतात. मला या मूर्खपणाची बाजू मांडायची आहे, कारण ती मांडणारा दुसरा कोणी वेळेवर येईल असं दिसत नाही.

आधी आलेल्यांचं काय ते सांगून टाकतो. त्यांचं स्टेडियम मोठं असतं. मोठ्या स्टेडियममध्ये जास्त तिकिटं खपतात, तिकिटांच्या पैशात चांगले खेळाडू येतात, चांगले खेळाडू जिंकतात, जिंकणाऱ्याला बघायला गर्दी होते आणि गर्दी झाली की आणखी खुर्च्या टाकाव्या लागतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण खरीच आहे. तळं कोणाचं, एवढंच म्हणीत सांगितलेलं नाही. बदलापूरला चढलेला माणूस खिडकीशी बसतो, ठाण्याला चढलेला दारात लोंबकळतो, पण दोघं सीएसएमटीला एकाच वेळी उतरतात. बझरबीटरमध्ये खिडकीवाला आधी पोचतो. तिथून तो परत येतो आणि परतीच्या गाडीतही खिडकी धरतो.

१९६८ साली रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं या प्रकाराचं बारसं केलं आणि ‘मॅथ्यू इफेक्ट’ हे नाव ठेवलं. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळेल, अशा अर्थाचं वचन मत्तयाच्या, म्हणजे मॅथ्यूच्या, शुभवर्तमानात आहे, त्यावरून. मर्टन विज्ञानाविषयी बोलत होते: नावाजलेल्या शास्त्रज्ञाला श्रेय जास्त मिळतं, नवख्याला कमी. त्यांचा निबंध बराचसा हॅरिएट झुकरमन या संशोधिकेनं घेतलेल्या नोबेल विजेत्यांच्या मुलाखतींवर उभा होता. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचं होतं. तिचंही नाव हवं होतं, हे त्यांनी पुढे मोकळेपणानं मान्य केलं. सिद्धान्ताला त्याच कागदावर पुरावा जोडण्याची इतकी चोख पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही. आपल्याकडे ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. त्या म्हणीत मी कोण, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं.

पण ज्याच्यापाशी काही नसतं, त्याच्यापाशी संघबांधणी असते.

संघबांधणीची सुरुवात ड्राफ्टपासून होते. दर हंगामाला अठरा-एकोणीस वर्षांची कोवळी पोरं वाटली जातात. पोरगा पुढे किती मजल मारेल याचा अंदाज त्याच्या नावापुढे लिहिलेला असतो. वरच्या टोकाला ‘सर्वकालीन महान’, खालच्या टोकाला ‘अनाउन्सर’. म्हणजे या मुलानं बास्केटबॉलमध्ये राहायचंच ठरवलं, तर माइक हातात घ्यावा. पहिल्या ड्राफ्टमध्ये मला अनाउन्सर मिळाला. आवाज कसा आहे, ते खेळात कळत नाही.

दुसऱ्या फेरीत लंबू मिळाला. सात फूट उंच, अठरा वर्षांचा, सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा. अंगात कौशल्य म्हणाल तर ते पुढेमागे येईल असं वाटायला भरपूर जागा. या खेळात प्रत्येक कौशल्याला आकड्याबरोबर एक विशेषणही असतं. वीस पायऱ्या आहेत. तळाची पायरी ‘भयंकर’, मग ‘केविलवाणं’, मग ‘फारच वाईट’, असं चढत चढत विसाव्या पायरीवर ‘दंतकथा’. ‘आदरणीय’ ही पायरी सातवी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे आदरणीय नेमके कुठे असतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता, तो सुटला.

आठवड्याला एकच कौशल्य शिकवता येतं आणि तेही ठरावीक जागेवर खेळणाऱ्यालाच. पूर्ण लाभ हवा तर त्या जागेवर ४८ मिनिटं खेळायला हवं. लंबूला चेंडू हाताळायला शिकवायचं, तर त्याला पॉइंट गार्डच्या जागी उभं करावं लागतं. तसं केलं. चेंडूचे टप्पे मारत चार पावलं जाता येत नाही असा सात फुटी माणूस सगळ्या संघाचा सूत्रधार झाला आणि जो पावणेसहा फुटी पोरगा खरोखरचा गार्ड होता, तो बास्केटखाली परक्या सेंटरच्या काखेत उभा राहिला. आम्ही ५३ गुणांनी हरलो. शुक्रवारी ट्रेनिंगचा निकाल आला. लंबूचं चेंडू हाताळणं ‘केविलवाणं’ होतं, ते ‘फारच वाईट’ झालं.

मी पेढे आणले.

बाबा म्हणाले, “कसले रे?”

मी सांगितलं. त्यांनी पेढा खाल्ला, चष्मा पुसला आणि विचारलं, “याचा पगार किती मिळतो तुला?”

“मीच देतो, बाबा. दर सोमवारी.”

ते आणखी काही बोलले नाहीत. दुसरा पेढा घेतला.

हरून हरून संघ बांधण्याला थोरामोठ्यांचा आधार आहे, हे इथे नमूद करायला हवं. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये तळाच्या संघांना नव्या खेळाडूंमधून आधी निवड करायची संधी मिळते. संघ त्यासाठी मुद्दाम हरतील या भीतीनं १९८५ पासून तिथे सोडत काढतात. भीती अनाठायी नव्हती. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचा कारभार २०१३ मध्ये सॅम हिंकी यांच्याकडे आला आणि त्यांनी बरे खेळाडू देऊन टाकून भविष्यातल्या निवडींचा साठा करायला घेतला. पुढच्या तीन हंगामांत ८२ पैकी अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. एकदा तर सलग २६ हरले. बेरीज ४७ विजय, १९९ पराभव. प्रेक्षकांनी यावर ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ अशी घोषणा बनवली आणि ती छापलेले टी-शर्ट घालून ते पराभव बघायला येऊ लागले. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्यांच्यापाशी खरे खेळाडू होते, खरे प्रेक्षक होते, खरा पैसा होता. यापैकी काहीही नसताना मी तीच प्रक्रिया राबवली. माझ्यावर तेरा पानं लिहायची वेळ आली नाही, कारण पत्र कोणाला लिहायचं तो मालकही मीच होतो.

संयमाची स्तुती बरेच जण करतात. मला उतावीळपणाबद्दलही चार शब्द बोलायचे आहेत. चौथ्या हंगामात माझा धीर सुटला. पी हळद अन् हो गोरी, असा एक मार्ग या खेळात आहे, त्याला ट्रान्सफर बाजार म्हणतात. तिथे तेहेतीस वर्षांचा एक सेंटर लिलावात होता. बोर्डाखाली त्याचा बचाव ‘विलक्षण’ वगैरे पायरीवर. लिलाव आपल्या घड्याळानं पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी संपणार होता. शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत काही मिनिटांनी वाढते, त्यामुळे तो चारला संपला. मी जिंकलो. या खेळात आल्यापासून मी जिंकलेली ती सर्वांत चुरशीची लढत. बक्षीस म्हणून मला खजिन्यातले सगळे पैसे द्यावे लागले.

विकणारा २००८ पासूनचा मॅनेजर होता. फार सभ्य माणूस. त्यानं लगेच अभिनंदनाचा संदेश पाठवला. सेंटरचा आठवड्याचा पगार माझ्या तिकीटविक्रीच्या वर होता, त्यामुळे त्याच्याशेजारी खेळायला कोणी घेता आलं नाही. पण तो एकटाही शोभून दिसायचा. एका हंगामानंतर तो एक वर्षानं मोठा झाला आणि विशेषणं एकेक पायरी उतरू लागली. तोवर त्या सभ्य माणसानं माझ्या पैशांतून आपल्या स्टेडियमची एक बाजू वाढवून घेतली होती. नव्या खुर्च्यांवर कोणाचं नाव लिहीत नाहीत, म्हणून माझं राहून गेलं.

इथे वाचकाला माझी कीव येत असेल. ती आवरावी. आम्ही उशिरा येणारे नसतो, तर काय झालं असतं, याचा विचार करा.

या खेळात माणूस संघ सोडून गेला की त्याच्या जागी कॉम्प्युटर बसतो. त्याला बॉट म्हणतात. बॉट शिस्तीत हरतो, पण त्याला वाईट वाटत नाही. बॉटला पन्नास गुणांनी हरवून आलेल्या विजेत्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण अंदाज करू शकतो: रिकाम्या घरी मोठ्यानं विनोद सांगून आलेल्या माणसासारखा तो असणार. शिवाय बॉट पहाटे चारपर्यंत जागत नाही. तेहेतीस वर्षांच्या सेंटरला भावनेच्या भरात दुप्पट भाव देत नाही. पेढे आणत नाही. सोळा वर्षं साचवलेल्या तळ्याला काठावर उभं राहून ‘केवढं हो मोठं!’ म्हणणारा कोणीतरी लागतो. ते काम आम्ही विनामूल्य करतो. काही वेळा पैसे देऊनही.

हे काम नवं नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल पहिल्यांदा खेळवला, तेव्हा बाल्कनीच्या कठड्याला पीच ठेवण्याच्या टोपल्या अडकवल्या होत्या. टोपल्यांना बूड होतं. चेंडू टोपलीत पडला की तिथेच राहायचा. मग कोणीतरी शिडीवर चढून तो काढून द्यायचा आणि खेळ पुढे चालू व्हायचा. टोपलीत चेंडू टाकणाऱ्यांची गणती झाली, गुण लागले, पुढे पुतळे उभे राहिले. शिडीवाल्याचा गुणफलकात रकाना नव्हता. पण तो घरी गेला असता, तर बास्केटबॉलच्या इतिहासात आजपर्यंत एकच बास्केट झाला असता.

अलीकडे आमच्या गटात एक नवा मॅनेजर आला आहे. नाशिकचा आहे. अनाउन्सर त्यालाही मिळाला. त्यानं मला विचारलं, “दादा, आता सुरुवात करून काही उपयोग आहे का? खूप उशीर झालाय ना?”

मी त्याला धीर दिला. उशीर असं काही नसतं, म्हणालो. चिकाटी हवी, प्रक्रियेवर विश्वास हवा आणि संघात एखादा अनुभवी, उंच माणूस हवा.

मला स्टेडियमच्या उत्तर बाजूला दोनशे खुर्च्या टाकायच्या आहेत. त्यामुळे लंबूला लिलावात काढलं आहे. वय २७. उंची सात फूट. चेंडू हाताळणं: आदरणीय. यापुढे तो फारसं काही शिकणार नाही, पण ते जाहिरातीत लिहायची पद्धत नाही. लिलाव रविवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी संपतो.

वेळेवर या.